संध्याकाळी बंद पडणारा फोन: बॅटरी बदलायची की फोन?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोन अडीच वर्षांचा, बॅटरी ५००० एमएएचची. संध्याकाळी व्हिडिओ किंवा सामना बघताना २०-२२ टक्के दिसत असतात आणि फोन एकदम बंद पडतो. चार्जरला लावला की लगेच सुरू होतो आणि १५ टक्के दाखवतो. रात्रभर चार्जिंगला ठेवल्याने बॅटरी गेली असं घरचे म्हणतात, फास्ट चार्जरने गेली असं मित्र म्हणतात, आणि विक्रेता म्हणतो नवा फोनच घ्या. पॉवर बँक घेऊन भागेल का, हेही विचारलं आहे.

मी सतरा वर्षं फोन दुरुस्त करते. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला मी आधी एवढंच सांगते की फोन चांगला आहे, बॅटरी थकली आहे. ती बदला. नव्या फोनचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आता असं का म्हणते ते जरा सविस्तर सांगते, कारण कारण कळलं की पुढची बॅटरी जास्त टिकते.

आधी ते २२ टक्के. बॅटरीत किती चार्ज उरलाय हे पेट्रोलच्या टाकीसारखं डोकावून बघता येत नाही. फोनमधली एक छोटी चिप आत गेलेला आणि बाहेर आलेला विद्युतप्रवाह मोजत राहते, सोबत व्होल्टेज आणि तापमान बघते, आणि त्यावरून टक्के ठरवते. टक्का हा हिशेबाने काढलेला अंदाज असतो. नव्या बॅटरीत तो बऱ्यापैकी बरोबर येतो. जुन्या बॅटरीत मात्र एक गोष्ट बदललेली असते, ती म्हणजे बॅटरीचा आतला रोध, म्हणजे बाहेर येणाऱ्या प्रवाहाला आतच होणारा अडथळा.

असा एक फोन परवाच माझ्या टेबलावर होता. मागचं झाकण काढून मल्टिमीटरची टोकं बॅटरीच्या जोडणीवर धरली आणि मीटर सर्वांत कमी व्होल्टेजची नोंद ठेवेल असा लावला. स्क्रीनवर २१ टक्के, मीटरवर ३.६६ व्होल्ट. नुसता होम स्क्रीन असताना आकडा हलेना. मग कॅमेरा उघडला, फ्लॅश चालू केला. आकडा घसरला, स्क्रीन काळी झाली, आणि दोन सेकंदांत मीटर पुन्हा ३.६ च्या पुढे. बॅटरीत चार्ज होताच, तो मागितला त्या वेगाने बाहेर येईना.

हिशेब मांडून बघा. कॅमेरा, पूर्ण उजेडातली स्क्रीन आणि नेटवर्क एकदम ताण देतात तेव्हा क्षणभर अडीच अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो असं धरू. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम असेल तर व्होल्टेज पाव व्होल्टने उतरतं, म्हणजे ३.६५ चं ३.४०. फोन चालत राहतो. रोध वाढून ०.३ झाला की तोच झटका पाऊण व्होल्टचा होतो आणि उरतात २.९०. साधारण तीन ते ३.४ व्होल्टच्या दरम्यान प्रत्येक फोनची एक रेषा ठरलेली असते, तिच्याखाली गेलं की तो स्वतःला बंद करून घेतो. चार्जरला लावलात की चार्जर भार उचलतो, व्होल्टेज सावरतं, म्हणून फोन लगेच जिवंत होतो. तुमच्या फोनला हेच होतंय. थंडीत हा प्रकार जास्त दिसतो, कारण गारठ्यात रोध आणखी वाढतो.

हा झटका टाळायला काही फोन स्वतःचा वेगच कमी करतात. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने उघडपणे मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनमध्ये प्रोसेसरचा वेग सॉफ्टवेअरने आवरला जातो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. लोक चिडले ते आधी सांगितलं नाही म्हणून, आणि ते चिडणं रास्तच होतं. पुढच्या वर्षी कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर बराच उतरवला. त्यातून माझ्या कामाची गोष्ट अशी की ‘फोन स्लो झालाय’ म्हणून आलेल्या फोनचीही मी आधी बॅटरीच तपासते. बदलल्यावर फोन पूर्वीसारखा पळायला लागलेला कितीदा तरी पाहिलाय.

मग बॅटरी थकते कशाने? लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, सोनीने आणली. तिच्यात लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, दोन बाजूंमध्ये ये-जा करतात. एक बाजू ग्राफाइटची, दुसरी बहुधा कोबाल्ट असलेल्या ऑक्साइडची. ग्राफाइटवर पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ थर बसतो. तो हवाच, त्याच्याशिवाय बॅटरी चालणार नाही. पण तो वर्षानुवर्षं जाड होत जातो, वाढताना थोडं थोडं लिथियम कायमचं गिळतो आणि आयनांची वाट अवघड करतो. क्षमता घटते ती लिथियम अडकल्यामुळे, रोध वाढतो तो वाट अडल्यामुळे. हा थर भराभर वाढवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन आहेत, उष्णता आणि बॅटरी तुडुंब भरलेल्या अवस्थेत जाणारा वेळ. दोन्ही एकत्र आल्या तर सर्वांत वाईट. दहा अंश तापमान वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा इथेही कामाचा आहे.

तिसरी गोष्ट वापर. त्याचं मोजमाप ‘सायकल’मध्ये होतं. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वापरलेत की एक सायकल, मग चार्जरला कितीही वेळा लावा. तुम्ही रोज साधारण ९० टक्के वापरत असाल तर अडीच वर्षांत आठशेच्या वर सायकली झाल्या. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनसाठी नियम आहे की ८०० सायकलींनंतर बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. अ‍ॅपल जुन्या आयफोनसाठी ५०० सायकलींना ८० टक्के सांगते, आयफोन १५ पासून पुढे १०००. म्हणजे तुमच्या बॅटरीने तिचं ठरलेलं काम केलंय. तुम्ही काही फार चुकलात असं मनाला लावून घेऊ नका.

आता घरच्यांचा मुद्दा. रात्रभर चार्जिंगला ठेवल्याने बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होत नाही. ठरलेलं व्होल्टेज, आजच्या बऱ्याच फोनमध्ये ४.४ च्या आसपास, गाठलं की फोनच चार्जिंग थांबवतो. चार्जर भिंतीत आहे म्हणून वीज आत कोंबली जात नाही. घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य एवढंच की रात्री बाराला भरलेली बॅटरी सकाळी सातपर्यंत काठोकाठ भरलेल्या अवस्थेत राहते. त्यावर उशीखाली किंवा पांघरुणात फोन ठेवला तर उष्णताही बाहेर पडत नाही. म्हणून रात्री लावा, पण उघड्यावर, टेबलावर लावा. आणि सेटिंगमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा ऑप्टिमाइज्ड चार्जिंगचा पर्याय असेल तर चालू करा. फोन ८० टक्क्यांवर थांबून उरलेलं तुमच्या उठण्याच्या वेळेआधी भरतो. उशीखाली फोन ठेवून झोपणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते, बॅटरीपेक्षा त्यांचीच जास्त.

‘बॅटरी पूर्ण संपवून मगच चार्ज करा’ आणि ‘नवा फोन पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ हे दोन्ही सल्ले निकेल बॅटऱ्यांच्या काळातले आहेत. तेव्हा ते बरोबर होते. लिथियमला उलट वरचेवर थोडं थोडं भरणं मानवतं. टक्के फारच उड्या मारायला लागले तर दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरा. त्याने बॅटरी सुधारत नाही, फक्त अंदाज लावणाऱ्या चिपचा हिशेब जुळतो.

फास्ट चार्जरबद्दल मित्रांचा गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण आकडे घाबरवणारे असतात. चार्जरवर ८० वॅट लिहिलं असलं तरी ती त्याची कमाल ताकद झाली. किती घ्यायचं ते फोन ठरवतो, केबलमधून चार्जरशी बोलून ठरवतो. जास्त वॅटच्या बऱ्याच फोनमध्ये बॅटरीचे दोन भाग असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला निम्माच भार येतो. शिवाय पूर्ण वेग मिळतो तो बॅटरी बरीच रिकामी असताना. भरत आली की प्रवाह उतरवत नेला जातो, म्हणून शेवटचे वीस टक्के रेंगाळतात. ही मुद्दाम ठेवलेली सावधगिरी आहे. फास्ट चार्जिंगचा त्रास होतो तो उष्णतेमुळे, आणि ती आवरणं तुमच्या हातात आहे.

चार्जिंगला लावून जड गेम खेळणं ही मी पाहिलेल्यांपैकी सर्वांत महाग सवय. प्रोसेसर तापतोय, चार्जिंगने बॅटरी तापतेय, वर जाड कव्हर, आणि बॅटरी वरच्या टक्क्यांत. सगळे शत्रू एका वेळी. चार्जिंगला लावून गेम खेळणाऱ्यांच्या फोनमध्ये दीड वर्षात फुगलेल्या बॅटऱ्या मी काढल्या आहेत. काही फोनमध्ये ‘बायपास चार्जिंग’ असतं, त्यात वीज बॅटरीला वगळून थेट फोनला जाते. तुमच्यात असेल तर गेमच्या वेळी तेच वापरा. गाडीत काचेजवळ उन्हात फोन लावून नकाशा आणि चार्जिंग एकत्र, हाही तोच प्रकार. फोन हाताला चटका देण्याइतका तापला तर चार्जर काढा, कव्हर काढा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं. वायरलेस चार्जिंग सोयीचं आहे, पण त्यात थोडी वीज उष्णता होऊनच जाते आणि फोन पॅडवर नीट मध्यावर नसेल तर आणखी. मी स्वतः केबलच वापरते.

८० टक्क्यांची मर्यादा लावावी का, हे हल्ली सगळे विचारतात. माझं मत असं की दिवसभर चार्जरजवळ बसणाऱ्याने लावावी, आणि एकच फोन चार-पाच वर्षं वापरायचा इरादा असणाऱ्याने तर नक्कीच. बाहेर फिरणाऱ्याने लावून स्वतःचे हाल करून घेऊ नयेत. क्षमता दोन वर्षांनी ८० वर येईल या भीतीने आजपासूनच ८० वर जगायचं, तर ते नुकसान आजच सोसल्यासारखं होतं. प्रवासाच्या दिवशी बिनधास्त शंभर करा. शंभर टक्के काही तासांत वापरून खाली येत असतील तर त्याने बिघडत नाही, तासन्‌तास शंभरावर बसून राहिल्याने बिघडतं.

तुमचा बराचसा वापर व्हिडिओचा आहे म्हणून खर्चाचंही सांगते. ५००० एमएएच म्हणजे सुमारे ३.८५ व्होल्टला १९ वॅट-तास, म्हणजे एक वॅट खाणारी वस्तू १९ तास चालेल एवढी ऊर्जा. डाउनलोड केलेला व्हिडिओ पाहताना फोन साधारण एक ते दीड वॅट खातो, जड गेममध्ये चार-पाच किंवा त्याहून जास्त. त्यामुळे तीच बॅटरी व्हिडिओला तेरा ते एकोणीस तास पुरते आणि गेमला चार. मध्ये येतं नेटवर्क. सिग्नल कमजोर असला की फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावावी लागते आणि तोच सामना दुप्पट महाग पडू शकतो. रेल्वेत बघायचं असेल ते घरच्या वायफायवर आधी उतरवून घ्या, फरक त्याच दिवशी जाणवेल. स्वस्त आणि जुन्या फोनमध्ये आणखी एक छुपा खर्च असतो. व्हिडिओ एव्ही१ या आकार लहान करण्याच्या नव्या पद्धतीत आला आणि फोनच्या चिपमध्ये तो उलगडण्याची खास सोय नसेल तर ते काम प्रोसेसरवर पडतं आणि फोन गरम होतो. एखाद्याच अ‍ॅपमध्ये फोन तापत असेल तर असं काही असू शकतं; तिथे व्हिडिओची गुणवत्ता एक पायरी उतरवून बघा.

डार्क मोडबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. ओएलईडी स्क्रीनमध्ये काळा बिंदू म्हणजे विझलेला बिंदू, म्हणून बचत खरी आहे. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजून दाखवलं की स्क्रीनचा उजेड ३० ते ५० टक्के असताना ती सरासरी ३ ते ९ टक्केच असते. उजेड पूर्ण असेल तेव्हा ३९ ते ४७ टक्के. म्हणजे उन्हात फायदा मोठा, घरात किरकोळ. एलसीडी स्क्रीनला मागून दिवा लागलेलाच असतो, तिथे फायदा जवळपास शून्य. व्हिडिओ बघताना तर तसाही प्रश्न नाही. उजेड दोन बोटं कमी करणं हा त्याहून खात्रीचा उपाय.

पॉवर बँक. १०,००० एमएएचची पॉवर बँक फोन दोनदा भरेल असं वाटतं, भरत नाही. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. व्होल्टेज वाढवण्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास जातात, फोनमध्ये शिरताना आणखी थोडे. हातात येतं ते दीड चार्ज. बारीक अक्षरांत ‘रेटेड कॅपॅसिटी’ सहा हजारांच्या आसपास लिहिलेली सापडेल, खरेदी त्यावर बघून करा. विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि परवानगीविना १०० वॅट-तासांपर्यंतच. पण तुमच्या दुखण्यावर पॉवर बँक हे औषध नाही. थकलेली बॅटरी तशीच राहणार, आणि पॉवर बँक जोडून खिशात कोंबलेला फोन आणखी तापणार.

आता तो नव्या फोनचा सल्ला. रोज एकदा फोन पूर्ण चार्ज केला तर सगळा अपव्यय धरून पंचवीसेक वॅट-तास लागतात, म्हणजे वर्षाकाठी सुमारे नऊ युनिट. ७५ वॅटचा टीव्ही वीस मिनिटं चालला की एका दिवसाच्या चार्जिंगएवढी वीज जाते. चार्जर बटण बंद करून ठेवायचा की नाही यावर घरात वाद होतात, पण खरी ऊर्जा तिथे खर्च होतच नाही. कंपन्यांचेच पर्यावरण अहवाल उघडले तर दिसतं की फोनच्या आयुष्यभराच्या कार्बनभारातला सिंहाचा वाटा त्याच्या निर्मितीचा असतो: खाणीतली खनिजं, चिपचे कारखाने, स्क्रीन. म्हणून तीन-चार बोटं रुंदीची बॅटरी बदलून फोन आणखी दोन-तीन वर्षं चालवणं यासारखी ऊर्जाबचत फोनच्या बाबतीत दुसरी नाही, असं मी मनापासून सांगते.

फोन बदलायची खरी कारणं वेगळी असतात. सुरक्षेचे अपडेट बंद झाले आणि त्यावर तुमचे पैशांचे व्यवहार चालतात, हे एक. मदरबोर्डचा बिघाड, हे दुसरं. घ्यायचाच झाला तर २०२३ पासून काही फोनमध्ये सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. सिलिकॉन एका ग्रॅममागे ग्राफाइटच्या जवळपास दहापट लिथियम सामावू शकतो, म्हणून त्याच जाडीत जास्त एमएएच बसतात. मात्र भरताना सिलिकॉन स्वतः तिप्पट-चौपट फुगतो, त्यामुळे तो कार्बनमध्ये थोड्या प्रमाणातच मिसळतात. मोठा आकडा बघून भुलण्याआधी कंपनी किती सायकलींची हमी देते ते विचारा.

बॅटरी बदलताना काय बघायचं? शक्यतो कंपनीच्या अधिकृत केंद्रात बदला. बाहेर बदलायची असेल तर चांगल्या भागाचा आग्रह धरा. एकदा मी स्वतः फसले. एका पुरवठादाराने ‘ओरिजिनल’ म्हणून दिलेल्या बॅटऱ्या तीन वर्षं गोदामात पडून होत्या. दिसायला कोऱ्या, वर प्लास्टिकही होतं. दोन महिन्यांत लोक परत आले, बॅकअप देत नाही म्हणून. त्या सगळ्यांच्या बॅटऱ्या मी माझ्या खर्चाने बदलून दिल्या. तेव्हापासून मी उत्पादनाची तारीख वाचल्याशिवाय बॅटरी घेत नाही, कारण न वापरताही ती म्हातारी होते. तुम्हीही तारीख दाखवायला सांगा. त्याच मापाच्या बॅटरीवर मूळपेक्षा खूप जास्त एमएएच छापलेले असतील तर नको म्हणा.

दुरुस्तीला देण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या आणि चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणून द्या. उघडताना चुकून बॅटरीला इजा झालीच तर कमी चार्जमध्ये धोका कमी. बॅटरी चिकटपट्टीने बसवलेली असते. पट्टी ओढून किंवा थोडं अल्कोहोल सोडून ती सैल करतात, धातूच्या पात्याने उचकटत नाहीत. कोणी तसं करताना दिसला तर फोन परत मागा. झाकणाखालची पाण्याची सील नवी लावणार का हेही आधी विचारा. लावली तरी फोन पूर्वीइतका पाणीरोधक राहील असं धरून चालू नका. नवी बॅटरी घातल्यावर दुकानातच कॅमेरा, फ्लॅश आणि व्हिडिओ एकत्र चालवून बघा, आणि पहिले दोन-चार दिवस टक्के जरा इकडेतिकडे झाले तर घाबरू नका.

एक गोष्ट मात्र आजच करा. फोन सपाट काचेवर पालथा ठेवा. डुगडुगतोय का, मागचं झाकण मध्ये उचललंय का, स्क्रीनच्या कडेने उजेडाची रेघ दिसतेय का, ते बघा. यातलं काहीही दिसलं तर बॅटरी आतल्या वायूने फुगली असं समजा. मग चार्जिंग बंद, फोन बंद, झाकण दाबून बसवायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही. जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि दुरुस्तीला न्या. जुनी बॅटरी घरी आणलीत तर तिच्या जोडणीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. कचऱ्याच्या डब्यात गेली तर पुढे कचरागाडीत ती चिरडली जाते आणि आग तिथे लागते, हाताने कचरा वेचणाऱ्या माणसांच्या शेजारी.